लेकीचा पहिला फोन आणि प्लॅन: काय बघून घ्यावं?

मैत्रेयी

नमस्कार मंडळी,

लेक बारा वर्षांची होतेय. नवीन सत्रापासून शाळा सुटली की ती परस्पर पोहण्याच्या सरावाला जाणार आणि तिथून एकटीच घरी येणार. तिला स्वतःचा फोन द्यायचा हे आमचं पक्कं झालंय. द्यावा की देऊ नये यावर घरी भरपूर खल झालाय, तेवढा विषय इथे नको, ही विनंती.

अडतंय ते निवडीत. साधा बटणांचा घ्यावा की स्मार्टफोन? माझा जुना फोन कपाटात पडून आहे, तो चालेल का? प्रीपेड बरं की पोस्टपेड? या वयात डेटा किती लागतो? दुकानात गेलं की कॅमेरा किती मेगापिक्सेल आणि रॅम किती यापलीकडे कोणी बोलत नाही. माझी गरज साधी आहे: तिने केलेला फोन मला लागला पाहिजे आणि मी केलेला तिला. बाकी सगळं त्यानंतर.

वाटसरू

ताई, सरळ बटणांचा घ्या. बॅटरी कितीतरी दिवस पुरते, हातातून पडला तरी सहसा काही होत नाही, आणि खेळ, रील्स वगैरे भानगडच नाही. पहिल्या फोनला याहून जास्त काही लागत नाही.

सुनंदा

+१. आमच्या दोन्ही मुलांना याच क्रमाने दिले. आधी बटणांचा, नंतर स्मार्टफोन.

तारायंत्र

मोबाइल टॉवरच्या देखभालीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैत्रेयीताई, ‘तिने केलेला फोन मला लागला पाहिजे’ हे तुमचं वाक्य धरून चाललं, तर फोन सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी नेटवर्क, मग प्लॅन, मग हँडसेट. बहुतेक लोक आधी हँडसेट घेतात आणि त्यात सिम कुठलंही टाकतात. मग मूल नेमकं जिथे एकटं असतं तिथेच रेंज नसते.

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात. ते बहुतांशी संगणकावर मांडलेले अंदाज असतात आणि इमारतीच्या आतलं त्यांतून फारसं कळत नाही. तरणतलावाची कपडे बदलायची खोली आतल्या बाजूला, जाड भिंतींची, त्यात वर पत्रा असेल तर बाहेर फाटकापाशी फुल्ल रेंज असूनही आत फोन लागणार नाही. म्हणून स्वतः जाऊन बघा. घरात वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर ते फोन घेऊन जा, नसतील तर ओळखीत कोणाचे तरी मागून न्या. शाळेचं फाटक, तलावाची आतली खोली, बसचा थांबा, घरात ती बसते तो कोपरा, एवढ्या जागी उभं राहून बघायचं.

बघताना वरच्या दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दोन फोनांची तुलनाच होत नाही. अँड्रॉइड फोनात सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ असतं (काही फोनांत हे आणखी एखाद्या मेनूच्या आत असतं). तिथे सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो, नेहमी उणे. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर छान. उणे ११०च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो, उणे १२०ला कॉल लागला तर लागला. यात ३चा फरक म्हणजे सिग्नल निम्मा किंवा दुप्पट. त्यामुळे उणे १०० आणि उणे ११२ हे जवळजवळ सारखेच वाटले, तरी दुसऱ्या जागी ताकद पहिलीच्या सोळाव्या हिश्शाएवढीच असते.

आता वाटसरूंचा मुद्दा. बटणांच्या फोनाला माझा विरोध नाही, पण तो ४जीचा हवा आणि त्यात व्हीओएलटीई हवं, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय. स्वस्तातले बरेच बटणांचे फोन अजूनही फक्त २जीवर चालतात आणि जगभर जुनी नेटवर्क एकेक करून बंद होताहेत. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा एक फार गंभीर गोष्ट पुढे आली. काही फोनांवरून रोजचे कॉल ४जीवर व्यवस्थित व्हायचे, पण आपत्कालीन नंबर लावला की तेच फोन ३जी शोधायचे. ३जी गेल्यावर त्यांवरून मदतीचा कॉल लागलाच नसता, म्हणून ते नेटवर्कवरून बादच करावे लागले. पोराच्या फोनाबाबत मी यासाठीच हट्टी आहे.

ओळखायची खूण सोपी. कॉल चालू असताना वरच्या पट्टीवर बघा. ४जी किंवा व्हीओएलटीईची खूण टिकून राहिली तर ठीक. कॉल लागताच ती जाऊन २जी, ३जी, ई किंवा एच दिसायला लागलं, तर तो फोन जुन्या नेटवर्कवर उतरतोय. परदेशातून आणलेल्या फोनांत हे जास्त होतं, कारण फोनात सोय असली तरी तुमच्या कंपनीने त्या मॉडेलला परवानगी दिलेली असावी लागते. शिवाय कंपनी वापरते ते फ्रीक्वेन्सी बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, त्या फोनात असावे लागतात.

अनघा

सिमवालं घड्याळ हा पर्याय कोणीच सुचवला नाही. हरवत नाही, शाळेतही चालू शकतं.

तारायंत्र

अनघाताई, सहा-सात वर्षांच्या मुलांना ते चांगलं आहे. पण बॅटरी जेमतेम दिवसभर, त्यालाही वेगळा प्लॅन लागतो आणि सगळ्या कंपन्यांवर चालतंच असं नाही. त्यात ही मुलगी पोहायला जाणार, म्हणजे घड्याळ काढून कुठेतरी ठेवणारच. बारा वर्षांच्या मुलीला मी तरी फोनच देईन.

निशिगंध

तारायंत्र दादांनी नेटवर्कचं सांगितलं, मी हँडसेटचं बोलते. एकटं घरी यायचं असेल तर माझं मत स्मार्टफोनला. नकाशा, लोकेशन, बस उशिरा आहे का हे बघणं, या तिच्या खऱ्या गरजा आहेत. बंधनं सेटिंगमधून घालता येतात.

मेगापिक्सेल सोडून द्या. ५० मेगापिक्सेलचे बरेचसे कॅमेरे चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. ‘८ + ८ जीबी रॅम’ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आठ म्हणजे स्टोरेजमधूनच काढलेला तुकडा. तो खऱ्या रॅमइतका वेगवान नसतो. बघायचं ते हे: सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? हा प्रश्न दुकानात विचारला तर बहुतेकांना उत्तर येत नाही, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव घालून शोधा. गूगलचा २०२३चा पिक्सेल ८ हा फोन आणि सॅमसंगची २०२४ची गॅलेक्सी एस२४ मालिका यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनांत ते बरंच कमी असतं. आणि ही मुदत मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही खरेदी केलीत त्या दिवसापासून नाही. चार वर्षांचं आश्वासन असलेलं मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर सवलतीत घेतलं, तर हातात दोनच वर्षं उरतात. सवलत असते ती पुष्कळदा याचमुळे.

स्टोरेज १२८ जीबी घ्या. ६४मधला मोठा हिस्सा सिस्टीमच खाते, मग फोटो आणि व्हिडिओंनी फोन भरला की अपडेटलाही जागा उरत नाही.

तुमच्या कपाटातल्या फोनालाही हीच कसोटी. अपडेट बंद झाले असतील तर देऊ नका. येत असतील तर बॅटरी बघा. साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर फोनाची बॅटरी मूळच्या ८० टक्क्यांवर येते (अलीकडच्या काही मॉडेलांत १०००). ती बदलून घेतली तर जुना फोन पहिल्या फोनासाठी उत्तम, कारण तो पडणार हे धरूनच चालायचं. त्याआधी तुमचं खातं काढून फोन पूर्ण रीसेट करा. बाहेरून वापरलेला घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तुमच्यासमोर रीसेट करून चालू करायला लावा. चालू होताना आधीच्या मालकाचं खातं मागितलं तर तो फोन घेऊच नका. \*#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय (फोनाचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्याशी जुळतो का तेही बघा.

मैत्रेयी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. काल आम्ही दोघं आपापले फोन घेऊन तलावावर गेलो होतो. बाहेर दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. आतल्या खोलीत माझ्या फोनावर उणे ११८ आणि यांच्या फोनावर उणे ९७! दांड्यांत मात्र एकीचाच फरक. तेव्हा यांचीच कंपनी घ्यायची हे ठरलं. फोन स्मार्टच घेणार, कारण माझ्या जुन्याचे अपडेट कधीच थांबलेत.

आता प्लॅनचं सांगा. आणि पाण्याचं काय? ‘आयपी६८’ लिहिलेला घेतला तर तलावावर बिनघोर ना?

निशिगंध

बिनघोर नाही. आयपीची चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात होते. तलावातल्या पाण्यात क्लोरीन असतं आणि फोनातली रबरी सीलं वयाबरोबर ढिली होतात. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून अवघड, पण नेमकं किती ते कंपनी ठरवते. पाणी शिरून बिघडला तर वॉरंटीत सहसा धरत नाहीत. सांडलेलं पाणी, ओले हात, पाऊस यासाठी ते उपयोगी आहे, तेव्हा मिळत असेल तर घ्या. तिला मात्र दोन सवयी लावा: फोन कोरड्या कपड्यांच्या पिशवीतच ठेवायचा, आणि भिजलाच तर खालचं छिद्र पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

तारायंत्र

प्लॅन प्रीपेडच घ्या. डोळे झाकून बिल येत राहणं पहिल्या फोनाला बरं नाही, आणि प्रीपेडमध्ये जास्तीत जास्त नुकसान म्हणजे भरलेली रक्कम. आपोआप रिचार्ज होण्याची सोय बंद ठेवा. कंपनीला सांगून पैसे कापणाऱ्या एसएमएस सेवा, मोबाइलच्या बॅलन्समधून होणारी खरेदी आणि आंतरराष्ट्रीय कॉल बंद करून घ्या. एवढं केलं की पोरांच्या फोनातून पैसे गळायच्या मुख्य वाटा बंद होतात.

डेटाचं गणित लोक फार वाढवून धरतात. मेसेज आणि नकाशा यांना दिवसाला काही एमबी पुरतात. ॲपवरचा साधा आवाजी कॉल मिनिटाला एक एमबीच्या आतबाहेर. सगळा डेटा खातो तो व्हिडिओ: एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत. म्हणजे घराबाहेर व्हिडिओ बघायचा नाही एवढा नियम पाळला, तर सगळ्यात लहान प्लॅनही पुरून उरेल. घरी वायफाय आहेच.

‘अनलिमिटेड’ शब्दावर जाऊ नका. बारीक अक्षरांत मर्यादा असते आणि ती संपली की वेग कमी करतात, कुठे कुठे अगदी ६४ केबीपीएसवर. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ३ एमबीचा एक फोटो जायला सहा मिनिटांच्या वर लागतात. नकाशा तर उघडता उघडत नाही. मर्यादा संपल्यावर वेग काय, हे विचारूनच घ्या.

मोठ्या कंपनीचंच नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या लहान कंपन्या असतात, त्या स्वस्त पडतात. चालतील, फक्त गर्दीच्या वेळी त्यांच्या ग्राहकांना डेटाचा वेग कमी मिळू शकतो. शाळा सुटायची वेळ गर्दीचीच, तेव्हा चाचणी त्याच वेळी करा. आणि रिचार्जची मुदत संपल्यावर नंबर किती दिवस टिकतो ते विचारून ठेवा, नाहीतर लांबच्या सुट्टीत तो हातचा जायचा.

सुनंदा

पालक नियंत्रणासाठी काय वापरता सगळे? बटणांच्या फोनात हा प्रश्नच नव्हता.

निशिगंध

अँड्रॉइडला फॅमिली लिंक, आयफोनला फॅमिली शेअरिंग आणि स्क्रीन टाइम. दोन्ही फोनाबरोबर फुकट येतात, वेगळं ॲप विकत घ्यायची गरज नाही. मात्र खातं उघडताना मुलीची खरी जन्मतारीख घाला. वय वाढवून घातलं की ते मोठ्यांचं खातं होतं आणि मुलांसाठीची गाळणी सगळी निघून जाते. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांची वयोमर्यादा किमान तेरा आहे, तेव्हा सध्या कुटुंबाशी बोलायला साधे मेसेज पुरेत. लोकेशन बघणार असाल तर तिला सांगून, तिच्यासमोर चालू करा. चोरून केलं आणि तिला कळलं, की ती फोन बंद ठेवायला शिकेल, आणि मग संपर्कच तुटेल.

मैत्रेयी

तिच्यासमोरच करू, हे फार पटलं. आता शेवटचं: फोन हातात देण्याआधी करायचं काही राहिलं का?

निशिगंध

लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहितीत तुम्हा दोघांचे नंबर घाला, फोन न उघडताही दिसतात. तिचा रक्तगट आणि काही ॲलर्जी असेल तर तीही. तुमचा नंबर तिला पाठ हवा, कारण फोन मेला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता आला पाहिजे.

सिमला पिन लावा, म्हणजे चोरीला गेलं तरी दुसऱ्या फोनात घालून कोणाला तिच्या नंबरवरचे ओटीपी घेता येणार नाहीत. पण तीनदा चुकीचा पिन घातला की सिम अडतं आणि पीयूके कोड मागतं, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. पीयूके बहुतेक वेळा सिम ज्या कार्डातून तोडून काढतात त्याच्यावरच छापलेला असतो. ते कार्ड टाकू नका. आयएमईआय त्याच्याच मागे लिहा, आणि खरेदीच्या पावतीबरोबर घरी ठेवा.