द्राक्षाच्या पानांपासून झिंक ऑक्साइड केलं, पण पावडर पांढरी होत नाही

प्रयोगवही
नमस्कार. नाशिकला एम.एस्सी. करतेय, केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट: वनस्पतींपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. वर्गातले सगळे कडुनिंब आणि तुळशीवर तुटून पडले, म्हणून मी द्राक्षाची पानं घेतली. घर निफाड तालुक्यात, बाग घरची. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पानांचा ढीग बांधावर पडतोच.

केलं ते असं. २० ग्रॅम पानं धुऊन, चिरून २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ७० अंशांवर अर्धा तास ठेवली. गाळून १०० मिली अर्क घेतला, त्यात २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट विरघळवलं आणि पीएच १० येईपर्यंत कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब सोडलं. साका सेंट्रिफ्यूज करून पाण्याने आणि इथेनॉलने तीनदा धुतला, रात्रभर ८० अंशांवर वाळवला. १.३ ग्रॅम मिळाली, मातकट हिरवी. मग ५०० अंशांवर दोन तास मफल फर्नेसमध्ये. बाहेर काढली तेव्हा छान पिवळी होती, गार होता होता राखाडी-हिरवट झाली. वजन ०.७४ ग्रॅम.

मैत्रिणीने याच अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर काही मिनिटांत तपकिरी रंग आला. माझ्याकडे तसा काहीच बदल झाला नव्हता. म्हणजे माझं क्षपण झालंच नाही का? सर म्हणतात, ‘पानांतल्या पॉलिफेनॉल्सनी (तुरट द्रव्यांनी) झिंकचं क्षपण केलं’ असं लिहून टाक.

सातपूरकर
ते वाक्य लिहू नकोस. चांदीचा आयन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो, ते क्षपण. तपकिरी रंग त्या चांदीच्या कणांचा. तुझं जस्त ॲसिटेटमध्ये +२ होतं आणि ऑक्साइडमध्येही +२ च आहे. कोणी कुणाला इलेक्ट्रॉन दिला? साका पाडला कॉस्टिकने. पानांतली द्रव्यं जस्ताला धरून ठेवतात, कण वाढू देत नाहीत, एकमेकांना चिकटू देत नाहीत. काम मोठंच आहे, पण ते वेगळं काम आहे. छापील पेपरांतसुद्धा ही चूक सर्रास सापडते, सरांना एकट्याला दोष नको.

आता वजन. २.२ ग्रॅम ॲसिटेट म्हणजे ०.०१ मोल. सगळं जस्त ऑक्साइड झालं तरी ०.८१ ग्रॅमच्या वर जाता येत नाही. सगळं हायड्रॉक्साइड धरलं तरी ०.९९. मग १.३ कुठून आले? पानांतला मसाला आणि पाणी. भट्टीनंतरचे ०.७४ हे खरे, म्हणजे ९१ टक्के, धुण्यात थोडं गेलं. ओव्हनमधल्या पावडरीला ऑक्साइड म्हणू नकोस.

गरम असताना पिवळी दिसली ते बरोबरच. झिंक ऑक्साइड तापलं की पिवळं, निवलं की पांढरं. राखाडी राहिली तर पहिला संशय कार्बनचा. क्रुसिबलवर झाकण होतं का? उघड्या क्रुसिबलमध्ये पातळ पसरून पुन्हा तासभर भाज. पांढरी झाली तर प्रश्न मिटला.

आणि एक मोकळा प्रयोग कर: सगळं तसंच, फक्त अर्काच्या जागी साधं पाणी. तो नसेल तर पानांनी काय केलं हे कुणालाच सांगता येणार नाही. यूव्हीच्या (अतिनील प्रकाशाच्या) आलेखात ३७० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दोन्हीकडे येईल, त्यावर खूश होऊ नकोस. एक्सआरडी (क्ष-किरणांची तपासणी) मिळालं तर ३१.७, ३४.४, ३६.२ अंशांच्या तीन रेषा बघ आणि रुंदीवरून आकार काढ.

द्राक्षवाला ओझर
ताई, मला तुमचं केमिस्ट्री कळत नाही, पण बाग कळते. छाटणीच्या ढिगातली पानं घेतली म्हणता, मग त्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किती वेळा मारलाय ते वडिलांना विचारा. पावसाळ्यात डाऊनीच्या (केवडा या बुरशीच्या रोगाच्या) धास्तीने आम्ही एक टक्क्याचा मारतो, १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि चुना. पान निळसर पांढरं दिसतं. नळाखाली धुतल्याने ते निघत नाही, म्हणून तर मारतो.

आणि हे नॅनो पावडर डाऊनीवर चालेल का? बोर्डोचा खर्च वाचला तर बरंच.

सातपूरकर
दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांबं. ते नुसत्या पाण्यात फारसं विरघळत नाही, पण द्राक्षाच्या पानात टार्टारिक आणि मॅलिक आम्ल भरपूर. गरम अर्कात ते तांब्याला ओढून घेणार. पीएच वाढवला की जस्ताबरोबर तेही खाली बसतं आणि भट्टीत काळं कॉपर ऑक्साइड होतं. पांढऱ्यात चिमूटभर काळं म्हणजे राखाडी.

प्रयोगवही, चिमूटभर पावडर थोड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळव, मग अमोनिया जास्तीचा घाल. जस्त बिनरंगी राहतं, तांबं असेल तर निळी झाक येते. जिवाणूंवर चाचणी घेणार असशील तर हे आधीच कर. तांबंही जिवाणू मारतं, श्रेय मात्र जस्ताला जाईल.

दादा, बागेवर नको. लेबल क्लेम (त्या पिकासाठी अधिकृत मंजुरी) नसलेलं काही मारलं आणि निर्यातीच्या मालात रेसिड्यू (औषधाचा अंश) आला तर कंटेनर परत येईल. झिंक ऑक्साइडचे कण बुरशीवर परिणाम करतात हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण तुमच्या बागेत किती मारायचं, वेलीला किती चालतं, धुऊन नाल्यात गेलं तर माशांचं काय, हे प्रश्न वेगळे. सनस्क्रीनमध्ये, रबरात हे ऑक्साइड कधीपासून चालतंय. पाण्यातला रंग उन्हात तोडायलाही वापरून बघतात.

पंचवटीचा वैद्य
मध्येच बोलतो. यशद भस्म करताना जस्त वितळवून तेल, ताक, कांजी अशा द्रवांत विझवतात, मग आघाड्याचं चूर्ण घालत घालत कढईत जाळतात, नंतर पुटं देतात, म्हणजे मातीच्या बंद भांड्यात पुन्हा पुन्हा भाजतात. हाती येतं ते मुख्यतः झिंक ऑक्साइडच. वनस्पती आणि जस्ताची जोडी तुमच्या विद्यापीठाआधीची आहे, एवढंच.

सातपूरकर
मान्य, वैद्यबुवा. पण तुमच्याकडे धातू जळून ऑक्साइड होतो, हिच्याकडे क्षारातून. आणि ५०० अंशांवर भाजल्यावर हिच्या कणांवर पानांचं कवच उरत नाही, ते जळून जातं. ‘पानांच्या आवरणामुळे गुणकारी’ असं प्रबंधात कुठे लिहिलं असेल तर ते आत्ताच खोड.

प्रयोगवही
लिहिलं होतं, खोडलं.

काल उघड्या क्रुसिबलमध्ये परत भाजली, राखाडीच राहिली. मग अमोनियाची चाचणी केली. निळी. फिकट, पण पांढऱ्या कागदावर परीक्षानळी धरली तर अगदी स्पष्ट. अर्काऐवजी साधं पाणी घेऊन केलेली मोकळ्या प्रयोगाची पावडर पांढरीशुभ्र झाली आणि तिच्यात निळा रंग आला नाही.

रात्री पप्पांना फोन केला. त्यांनी फवारणीची वही उघडली: पानं तोडली त्याच्या आदल्या आठवड्यात बोर्डो, आणि ऑगस्टपासून ती चौथी फवारणी. वर ‘मला आधी विचारायचं ना’ हेही ऐकून घेतलं. त्या वहीचा फोटो परिशिष्टात लावू का?

आता द्राक्ष सोडलं. लासलगावला मावशीकडे कांद्याच्या वाळक्या साली पोत्यांनी मिळतात, त्यात क्वेर्सेटिन (एक पॉलिफेनॉल) असतं असं वाचलंय. पण कांद्यावरही फवारण्या होतात, म्हणून या वेळी सालींच्या राखेची अमोनिया चाचणी आधी करणार. २०० मिली पाण्याला वाळक्या साली किती घ्याव्यात? ताज्या पानांइतक्याच २० ग्रॅम घेतल्या तर भांड्यात मावणार नाहीत असं वाटतंय.

सातपूरकर
पाच ग्रॅमने सुरू कर. अर्क लालसर येईल आणि कॉस्टिक टाकल्यावर अजून गडद होईल. त्याला क्षपण म्हणू नकोस.