मदत हवी आहे: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला शाळेत खाऊ काय द्यावा?

नमस्कार. माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि यंदा तिची शाळा सुरू होत आहे, म्हणून मधल्या सुट्टीतल्या खाऊबद्दल अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे.

ताजी फळे, काकडी-गाजराचे तुकडे, उकडलेले अंडे आणि दही यांची चिंता वाटत नाही. खरा प्रश्न पाकीटबंद पदार्थांचा आहे. घटकांच्या यादीत शेंगदाणा नसला, तरी त्याच यंत्रावर शेंगदाण्याचे पदार्थ तयार होत असतील तर अंश मिसळू शकतो, आणि ‘अंश असू शकतात’ ही सूचना छापणे अनेक देशांत ऐच्छिक असल्यामुळे ती नाही म्हणजे पदार्थ निर्धोक, असे मानता येत नाही. तुम्ही उत्पादकाला विचारून खात्री करता का? नेमके काय विचारता? घटक बदलू शकतात, म्हणून नेहमीच्या बिस्किटांचेही लेबल मी प्रत्येक खरेदीला वाचते.

शेंगदाणा-लोण्याऐवजी सूर्यफुलाच्या बियांचे लोणी देण्याचा विचार आहे, पण या बियांवरही पुष्कळदा त्याच कारखान्यात प्रक्रिया होते. कोणी ते निर्धास्तपणे वापरत आहे का?

दुसरी काळजी डब्यांच्या देवाणघेवाणीची. लहान मुले प्रेमाने घास पुढे करतात आणि तिला नाही म्हणणे जड जाते. सॅनिटायझरने शेंगदाण्याची प्रथिने निघत नाहीत, साबण आणि पाणीच लागते, ही गोष्ट शिक्षकांना कशी समजावलीत, तेही कृपया लिहा. ॲलर्जीचा तीव्र झटका आल्यास द्यायचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन आणि डॉक्टरांची लेखी सूचना शाळेत दिलेली आहे.