गिगाबिट पोर्टला वाय-फाय ६ चा ॲक्सेस पॉइंट म्हणजे पैसे पाण्यात?

चौकस: काल एकाने ठणकावून लिहिलं, '२.५जी स्विच (गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, अडीचपट वेगाचा) नसेल तर वाय-फाय ६ घेणारा मूर्ख.' वाचून डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. ॲक्सेस पॉइंटच्या (तारेवरचं नेट वाय-फायवर देणाऱ्या डबीच्या) खोक्यावरच्या ३००० एमबीपीएसपैकी ५७४ तर २.४ गिगाहर्ट्झचे. उरलेले २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झचा चॅनेल हवा. बहुतेक फोन ८० वरच जोडतात, तिथे लिंक १२०१ ची. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं, त्यामुळे हाती लागतात ७००-८००, तेही त्याच खोलीत. गिगाबिट तार ९४० देते आणि दोन्ही दिशांना एकदम. अडतंय कुठे?

तारेवरची_कसरत: मूर्ख म्हणणारा मीच. लॅपटॉप १६० वर, ॲक्सेस पॉइंट समोर. गिगाबिट पोर्टवर आयपर्फ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) ९४१ ला जाऊन डोकं आपटतो. तोच पोर्ट २.५जी केला की १६००. नॅसवर (घरच्या नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) रोज बॅकअप जातो, मला फरक दिसतो. आणि २.५जी जुन्या कॅट ५ई केबलवरही १०० मीटर चालतं, त्याचं मानक ८०२.३बीझेड २०१६ सालचं आहे. तुम्ही अजून गिगाबिटची आरती ओवाळा.

चौकस: एक लॅपटॉप, ॲक्सेस पॉइंट समोर, शेजारी कुणी नाही. वा! आणि रडार दिसलं की (त्याच लहरी रडारही वापरतं) तुमचा १६० चा चॅनेल गाशा गुंडाळतो, ते सोयीस्कर विसरलात.

रात्रपाळी: भांडा निवांत, पण पोर्ट कितीवर जुळलाय ते आधी बघा. एका ठिकाणी तीन आठवडे मी फर्मवेअर बदलत बसलो होतो. वेग ९४ च्या वर जाईना, ग्राहक रोज फोनवर. शेवटी आयओ (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) उघडला तर केबलमधल्या चार पेअरपैकी (तारांच्या जोड्यांपैकी) ब्राऊन पेअरमधली एक तार पंच करतानाच (सॉकेटात दाबून बसवतानाच) तुटलेली. १०० एमबीपीएसला दोनच पेअर पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे लिंक चालू, दिवा हिरवा आणि मी वेडा.

शंकासुर: त्यात ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल! पीओईवर (केबलमधूनच वीज दिली की) तापते, पंच करताना मोडते. विकणाऱ्याला तिचाच हार घालायला हवा.

रात्रपाळी: अगदी! खोक्यावर कॅट ६, आत चंदेरी तार. ब्लेडने खरवडलं की कळतं.

तारेवरची_कसरत: केबलचा धागा वेगळा काढा ना राव.

रात्रपाळी: नाव तारेवरची कसरत, आणि तारेचाच कंटाळा?

संथ_वाहते: मेगाबिट मोजताय सगळे, पण कॉल अडखळतो तो रांगेमुळे. तार हवेपेक्षा हळू असली की रांग ॲक्सेस पॉइंट सोडून स्विचच्या पोर्टवर लागते, आणि साध्या स्विचला आधी आला तो आधी एवढंच कळतं. एकाने मोठं डाउनलोड लावलं की बाकीचे उभेच. लाइन १०० ची असेल तर राउटरवर ९०-९५ ची मर्यादा आणि केक किंवा एफक्यू-कोडेल (राउटरमधल्या रांग सांभाळणाऱ्या सोयी) लावा. रांग आपल्या ताब्यात येते. आणि स्विचचा फ्लो कंट्रोल (पाठवणाऱ्याला 'थांब' सांगणारी सोय) बंद ठेवा, एका संथ पोर्टपायी तो मागून येणाऱ्या सगळ्यांनाच थोपवू शकतो.

शंकासुर: दोन गिगाबिट तारा एकत्र बांधल्या तर?

संथ_वाहते: एक फाइल एकाच तारेवरून जाते. दहा जण असतील तर फायदा, तुमच्या एकट्याच्या बॅकअपला शून्य.

चौकस: रांगेचं पटलं. माझा मुद्दाही तोच होता, स्विच बदलण्याआधी हे करा.

तारेवरची_कसरत: तुमचा मुद्दा तो नव्हता ताई, वर जाऊन वाचा. तरी चला, नॅस नसलेल्यांना २.५जी ची घाई नाही, एवढं तुमच्या समाधानासाठी मान्य. बाकी, माझा मागच्या खोलीतला ॲक्सेस पॉइंट आत्ता बघितला. १०० वर जुळलाय. हसलात तर याद राखा.

रात्रपाळी: ब्राऊन पेअर.