पुराचा निरोप वाड्यावर वेळेत कसा पोचवायचा?

नदीकाठ, सत्तरी
आमचा गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळवंटी नदीच्या काठावर, अंजुणे धरणाच्या खाली. पाणी सोडणार असल्याची सूचना पंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. पण खालच्या वाड्यावर (वस्तीवर) रेंज नाही, आणि वीज गेली की उरलेलीही जाते. ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे. पावसाआधी नेमकं काय करून घ्यावं?

खुणेचा दगड
आधी पुलाच्या खांबावर पट्टे रंगवून घ्या. २०२१ च्या जुलैतलं पाणी कुठवर आलं होतं ते घरांच्या भिंतींवरून आणि जुन्या माणसांकडून ठरवा. घरात पाणी शिरायला लागतं त्या पातळीला लाल पट्टा. माणसं-गुरं हलवायला जितका वेळ लागतो तितक्या वेळेत पाणी जेवढं चढतं, तेवढा खाली पिवळा. हवामान खात्याचा रेड अलर्ट सबंध उत्तर गोव्याला असतो. २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर पाऊस पडू शकतो, हे ठीक. पण तुमच्या वाड्याने कधी उठायचं ते त्यातून कळत नाही. पट्ट्यावरून कळतं.

निरोपात दिनांक, वेळ, जागा, काय करायचं आणि पुढचा निरोप कधी, एवढं हवंच: "१४ जुलै, संध्या. ६.१०. पाणी पिवळ्या पट्ट्यावर. खालचा वाडा: गुरं सोडा, आजारी माणसांना शाळेत न्या, मेन स्विच बंद करा. पुढचा निरोप ७ वाजता. पंचायत." दिनांक नसलेला निरोप गेल्या वर्षीचाही पुन्हा फिरतो आणि लोक खऱ्या निरोपालाही दाद देत नाहीत. ग्रुपवर लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा, नाहीतर कामाची ओळ "गुड मॉर्निंग"खाली गाडली जाते. तोच मजकूर एसएमएसनेही पाठवा. इंटरनेट रखडलं तरी एसएमएस बऱ्याचदा जातो.

आणि भाड्याच्या खोल्यांतले कामगार कोणत्याच ग्रुपवर नसतात. त्यांच्यासाठी हिंदी आणि कन्नड मजकूर आधीच लिहून ठेवा. हे जवळजवळ सगळीकडे राहून जातं.

भोंगा-बॅटरी
रेंज नसलेल्या वाड्याला भोंगाच. १२ व्होल्टवर चालणारा ४० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि १६ ओमचे (ओम म्हणजे विद्युतरोधाचं माप) दोन भोंगे समांतर जोडा, म्हणजे ८ ओम होतात. तार ॲम्प्लिफायरच्या ८ ओमच्याच टोकाला लावा. चार भोंगे जोडले तर ४ ओम होतात आणि ॲम्प्लिफायर तापून ऐन वेळी बंद पडतो. गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बोलण्यासाठी रात्रभर पुरते. यूपीएसची ७ अँपिअर-तासांची दोनेक तासांत बसते. पॉझिटिव्ह तारेत फ्यूज घाला. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकवा, नाहीतर पाणी साचतं.

पत्र्यावर पाऊस वाजत असताना शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून आधी ठरलेली खूण (देवळाची घंटा सलग दोन मिनिटं) आणि मगच बोलणं, तेही सावकाश, दोनदा. गाडीवरून सांगायचं असेल तर प्रत्येक वाड्यावर थांबून इंजिन बंद करा.

नदीकाठ, सत्तरी
रात्री दोन वाजता घंटा वाजवायला जाणार कोण?

खुणेचा दगड
हेच ग्रामसभेत नावानिशी ठरवून घ्या. दर दहा घरांमागे एक माणूस आणि तो गावाबाहेर असला तर दुसरा. त्याच्याकडे कागदावर यादी: अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर कोण, एकटे राहणारे कोण. घर रिकामं झालं की यादीत खूण करायची आणि पंचाला (पंचायत सदस्याला) कळवायचं. नुसतं "सगळ्यांना सांगितलं" मान्य करू नका. यादीच्या मागे पंच, तलाठी, लाईनमन यांचे नंबर, शिवाय जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशामक १०१.

लाईनमनला आधीच विचारून ठेवा की खालच्या वाड्याचा ट्रान्सफॉर्मर कुठून बंद होतो. पाणी मीटरपर्यंत चढल्यावर कोणी स्विचला हात लावायचा नाही.

भरती-ओहोटी
भरतीची वेळही पट्ट्यांशेजारी लिहा. वाळवंटी मांडवीला मिळते, आणि मांडवीत भरतीचा जोर आत गांजे गावापर्यंत पोचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाऊस थांबला तरी खालच्या भागातलं पाणी लवकर उतरत नाही. "पाणी उतरलं, घरी या" हा निरोप ओहोटी लागून पट्टा उघडा पडल्यावरच द्या. सराव मे महिन्यात, रात्री आणि फोन बंद ठेवून घ्या.