व्हायरस सापडला म्हणजे तोच कारण?

आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस, म्हणजे नेमकं कारण माहीत नसलेला, फुप्फुसात व्रण साठून ती कडक होत जाण्याचा आजार) असलेल्या पेशंटच्या फुप्फुसात व्हायरस सापडतात म्हणजे आजार त्यांच्यामुळेच होतो, असं म्हटलं जातं ते मला घाईचं वाटतं. एपस्टाइन-बार (ईबीव्ही), सायटोमेगॅलो (सीएमव्ही) हे हर्पीस गटातले व्हायरस तिथे जास्त वेळा सापडतात हे खरंय, पण ईबीव्ही तर बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आयुष्यभर दडून असतो आणि त्यातल्या फार थोड्यांना हा आजार होतो. मला जास्त पटतं ते असं की वायुकोशांच्या अस्तरातल्या टाइप २ पेशी, ज्या सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा पदार्थ) बनवतात आणि इजा झाली की अस्तर परत उभं करतात, त्या वय, सिगरेट किंवा टेलोमेअरच्या (गुणसूत्रांच्या टोकांवरच्या संरक्षक टोप्यांच्या) जीन्समधल्या दोषामुळे आधीच थकलेल्या असतात, त्यात व्हायरसचा मार पुन्हा पुन्हा बसला की दुरुस्ती भरकटते आणि फायब्रोब्लास्ट (व्रण भरणाऱ्या पेशी) कोलॅजन, म्हणजे व्रणाचे कडक धागे, साठवत सुटतात. उंदरांवरच्या प्रयोगातही हर्पीस व्हायरसने म्हाताऱ्या उंदरांमध्ये फायब्रोसिस झाला, तरुणांमध्ये तसा नाही!

आणि प्लीज, हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने अँटीव्हायरल सुरू करू नका. पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही आयपीएफची औषधं आजाराचा वेग कमी करतात, ती बंद करू नका. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दम अचानक वाढला तर त्याच दिवशी दाखवा.