ब्रिज: जुनी जोडी मोडायला लोक इतके का कचरतात?

किलवरची_दुर्री:
ब्रिज म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन जोड्यांचा पत्त्यांचा खेळ. स्पर्धेत नाव द्यायची वेळ आली की आपले जाणते खेळाडू डोळे मिटून त्याच पार्टनरचं नाव लिहितात. निम्म्या जोड्यांचं आपसात पटत नाही, डाव संपला की पोस्टमॉर्टेम सुरू, तरी जोडी कायम! विचारलं की उत्तर तयार: २०१८ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, वयाच्या ६० आणि ५६व्या वर्षी, ते जुन्या जोडीमुळेच.

मला हे पटत नाही. अमेरिकेचा बॉब हॅमन बघा. आधी बॉबी वुल्फबरोबर बर्म्युडा बाउल (ब्रिजची जागतिक सांघिक स्पर्धा) जिंकला, मग २०००, २००३ला पॉल सोलोवेबरोबर, २००९ला झिया महमूदबरोबर. खेळ पक्का असेल तर समोर कोण बसलंय याने फार फरक पडत नाही.

इस्पिक_राणी:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. हॅमनच्याच संघात मेकस्ट्रॉथ आणि रॉडवेल ही जोडी होती, ते नाही सांगितलं. १९९५, २०००, २००३, २००९ चारही वेळा. हॅमनचे पार्टनर बदलले, यांची जोडी १९७०च्या दशकापासून तीच. आणि हॅमननेही वुल्फबरोबर वीसहून जास्त वर्षं काढली आहेत, त्याला पार्टनर बदलणं म्हणत नाहीत.

साधी बोली घ्या. मी एक नोट्रम्प (बिनहुकमी) म्हटलं, डावीकडचा दोन चौकट, पार्टनर डबल. दंडाचा (त्यांची बोली बुडवून जास्त गुण घेणारा) की माझ्याकडून बोली मागणारा? इथपर्यंत जोडीच्या बोलींच्या कार्डावर लिहिलेलं असतं. पण उजवीकडचा दोन बदाम म्हणाला, मी पास, पुढचाही पास, आणि पार्टनरने परत डबल दिला. आता? हे दोघांनी शंभरदा भांडूनच ठरतं.

किलवरची_दुर्री:
भांडायला वर्षं कशाला हवीत? दोन संध्याकाळी बसा, नोट्स काढा. ऑनलाइन बोलीचा सराव फुकट मिळतो.

बदाम_सत्ती:
नोट्स काढूनच बसलो होतो हो! पार्टनरची उतारी बदामचा राजा, डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या हातात) राणीसकट तीन पानं, माझ्याकडे अठ्ठी-तिर्री. अठ्ठी टाकली, म्हणजे एक्का चालव, पुढचा बदाम मी हुकमाने कापतो. नव्या पार्टनरला वाटलं मी दुसरा रंग मागतोय. त्याने किलवर खेळला आणि समोरच्याची चार इस्पिकची बोली आरामात झाली.

चौकट_गुलाम:
दुर्रीच्या बाजूने एक मुद्दा, जो कुणी काढत नाही. पार्टनर थबकला म्हणून आपली बोली बदलणं नियमात बसत नाही. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदा असतो तो त्यासाठीच. क्लबात पडदा कुठला? वीस वर्षांच्या जोडीत एकाने पास म्हणायला जरा वेळ लावला की दुसऱ्याला त्याची पानं दिसतात. या 'समजूतदारपणा'तलं पानांवरचं किती आणि भुवयांवरचं किती? शिवाय बोलीचा अर्थ विचारला की 'कॉमन सेन्स' म्हणतात. अहो, तुमची समजूत विरोधकालाही कळायला हवी, नियमच आहे तो.

इस्पिक_राणी:
मग डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) हाक मारा. तिथे गप्प बसायचं आणि इथे जुन्या जोड्यांवर राग काढायचा, हे बरं आहे.

चौकट_गुलाम:
हाक मारली की 'एवढ्या सीनियर लोकांवर संशय घेता?' हे ऐकावं लागतं. एकदा मारून बघा.

किलवरची_दुर्री:
गुलामरावांशी सहमत. सत्तीचा किस्सा मात्र मान्य, बचावात नवी जोडी मार खाते. तरी माझं म्हणणं तेच: टीम इव्हेंटला (संघाच्या दोन जोड्या, दोन टेबलांवर तेच डाव) जुना पार्टनर घ्या, पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) वर्षातून एखादी स्पर्धा तरी नव्याबरोबर खेळा.

बदाम_सत्ती:
उलटं सांगताय. पेअर्समध्ये एकेका जादा हातावर अख्खा बोर्ड (डाव) जातो आणि बचावात एक हात सुटला की तळाला. टीममध्ये जादा हाताचा एखादाच आयएमपी (सांघिक गुण), तिथे करा की प्रयोग.

इस्पिक_राणी:
टीममध्ये प्रयोग करा, पण माझ्या टीममध्ये नको. गेमची (मोठ्या गुणांची) बोली बुडाली की दुसऱ्या टेबलावरच्या दोघांनी काय पाप केलं होतं?