मदत हवी आहे : समोर अचानक ढग उतरले तर आधी वळायचं, आधी चढायचं की आधी रेडिओवर बोलायचं?

दूरदिशा :

नमस्कार. खाजगी वैमानिक, एटीसीतले (हवाई वाहतूक नियंत्रणातले) लोक आणि विशेषतः इन्स्ट्रक्टर यांचं मार्गदर्शन हवं आहे.

माझ्याकडे पीपीएल (खाजगी वैमानिकाचा परवाना) आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) नाही. एका इंजिनाचं, चार आसनांचं विमान उडवतो. अलीकडच्या एका क्रॉस कंट्रीला (लांबच्या उड्डाणाला) टाफमध्ये (विमानतळाच्या हवामान अंदाजात) विखुरलेले ढग आणि १० किलोमीटरहून जास्त दृश्यमानता होती. निम्मी वाट सरल्यावर ढगांचा तळ उतरत गेला. पुढची डोंगररांग आधी फिकी झाली, मग दिसेनाशीच झाली. मी मागे वळलो आणि वाटेत लागून गेलेल्या एका छोट्या धावपट्टीवर उतरलो. प्रवासी आणि विमान सुखरूप.

मनात राहिलंय ते वळण. वळताना बाहेर ढगाची एक लांब, तिरपी कड होती आणि काही क्षण नजरेने तीच क्षितिज म्हणून धरली. आत अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) २० अंशांचा कल दाखवत होता, अंग मात्र ठासून सांगत होतं की पंख सरळ आहेत. मी इंडिकेटरचं ऐकलं. पण तेव्हा खाली जमीन दिसत होती. ती दिसत नसती तर?

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेला प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. इन्स्ट्रुमेंटचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. विसाच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

त्यात सल्ले तीन दिशांना जातात. एक इन्स्ट्रक्टर म्हणतात, ताबडतोब १८० अंश वळ. दुसरे म्हणतात, आधी उंची घे, डोंगर ढगात लपलेले असतात. क्लबातले एक ज्येष्ठ म्हणतात, आधी रेडिओवर मदत माग, अभिमान बाजूला ठेव. तिघांनीही भरपूर उड्डाण केलेलं आहे. मला क्रम हवा आहे, आणि तोच क्रम का, तेही. शिवाय अंगाचं न ऐकण्याचा सराव नेमका कसा करायचा?

जुना इन्स्ट्रक्टर :

तिघेही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलताहेत.

जमीन आणि खरं क्षितिज दिसतंय तोवर तुम्ही केलंत तेच करायचं : वळायचं, आणि जागा भरपूर असतानाच वळायचं. दरीत असाल तर एका कडेला राहून उडा, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते.

ढगात शिरलातच, तर पहिलं काम वळणं नाही. पंख सरळ करा, नाक आहे तिथे धरा, पॉवरला हात लावू नका, ट्रिमवर (नाक ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या जुळणीवर) भरवसा ठेवा. नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर. तिथून एकेका उपकरणाकडे जाऊन पुन्हा तिथेच. विमान स्थिर झालं की मग वळण, तेही स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंश. पूर्ण उलटं फिरायला एक मिनिट लागतं. तुमच्या विमानाच्या वेगाला साधारण १५ अंशांचा कल पुरतो. कोणत्या हेडिंगवर (कंपासच्या दिशेवर) बाहेर पडायचं ते आधीच ठरलेलं असू द्या. वळणात नकाशा उचलायला मान खाली घालू नका, डोकं हललं की भोवळ येते.

आता का. आतल्या कानाच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो. तेच वळण १०-२० सेकंद एकसारखं चालू राहिलं की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळतोय ही जाणीव संपते. मग पंख सरळ केले की उलट बाजूला वळल्यासारखं वाटतं, आणि माणूस ‘दुरुस्ती’ म्हणून पुन्हा पहिल्याच बाजूला कलतो. कल वाढतो, नाक पडतं, वेग चढतो. घाबरून कंट्रोल मागे ओढला की विमान वर येण्याऐवजी गिरकी आणखी घट्ट होते. अशा वेळी आधी पॉवर कमी, मग पंख सरळ, आणि त्यानंतरच नाक हलक्या हाताने वर.

वळायच्या जागेतच डोंगर असेल तर मात्र उंची आधी : पूर्ण पॉवर, पंख सरळ, चढण्याचा वेग. म्हणून मार्गातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा निदान १००० फूट वरचा आकडा प्रत्येक टप्प्यासाठी मांडीवरच्या कागदावर लिहिलेला हवा. जमीन शोधायला खाली उतरू नका, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला हात जोडून सांगतो.

आणि त्या १७८ सेकंदांबद्दल. आकडा सगळे सांगतात, पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. तो प्रयोग मुळात १८० अंशांचं वळण शिकवता येतं का, हे पाहायलाच होता. त्याच लोकांना थोडं प्रशिक्षण दिल्यावर जवळजवळ सगळ्या चाचण्यांत ते सुखरूप बाहेर आले.

टॉवरवाली :

मी एटीसीत आहे. विमान हातात आलं की लगेच बोला. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला, बटणं फिरवत बसू नका. कोणाशीच संपर्क नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड. वाक्य सुंदर असायची गरज नाही. ‘व्हीएफआर वैमानिक आहे, ढगात आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही’ (व्हीएफआर म्हणजे बाहेर पाहून उडवणं) एवढं कानावर पडलं की आमच्या बाजूची सगळी कामं बदलतात.

रेटिंग नाही हे लोक सांगत नाहीत, आणि त्याचाच मला सर्वांत त्रास होतो. ते कळलं नाही तर मी तुम्हाला नेहमीसारख्या एका दमात हेडिंग, उंची आणि नवी फ्रिक्वेन्सी देईन. कळलं तर एका वेळी एकच गोष्ट सांगेन. हेडिंग इंडिकेटर बिघडला असेल तर रडारवर पाहून ‘आता वळा’, ‘आता थांबा’ असंही नेता येतं. उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालेल, विमान आधी.

दूरदिशा :

दोघांचे मनापासून आभार. हा क्रम समजला. दोन शंका : आमच्या विमानात साधा ऑटोपायलट आहे, ढगात तो लावावा का? आणि ‘आता वळायचं’ हे ठरवायची खूण काय? परवा मी डोंगररांग पुसली गेल्यावर वळलो. त्याआधीच वळायला हवं होतं का, हे कळत नाही.

वातकुक्कुट :

ऑटोपायलट चालू असेल आणि तुम्हाला त्याची सवय असेल, तर जरूर लावा. पंख सरळ ठेवतो आणि हेडिंग बग (हवी ती दिशा ठरवायची खूण) फिरवला की वळतो, तुम्हाला एवढंच हवं आहे. बग आधी सध्याच्या हेडिंगवर आणा, मग लावा, नाहीतर लावताक्षणी विमान भलतीकडे वळेल. पंखांवर बर्फ धरतोय किंवा जोरदार हादरे बसताहेत, तर हातानेच उडवा.

खुणेबद्दल माझा नियम असा : ढगाखाली राहण्यासाठी ठरवलेल्या उंचीवरून ५०० फूट खाली यावं लागलं, की परत. पुढे काय असेल याचा विचार करत बसत नाही. निघण्यापूर्वी तापमान आणि दवबिंदू यांतला फरक पाहतो. दर अंश सेल्सिअसला साधारण ४०० फूट धरले की फुगीर ढगांच्या तळाचा अंदाज येतो. वाटेतल्या मेटारमध्ये (विमानतळाच्या ताज्या हवामान नोंदीत) हा फरक आटत चालला असेल तर तळ खाली येतोय, धुकंही धरू शकतं. टॅबलेटवरचं पावसाचं चित्र काही मिनिटांपूर्वीचं असतं, त्याच्या भरवशावर दोन सरींमधून वाट काढू नये.

ढगात शिरल्यावरच हे होतं असंही नाही. १६ जुलै १९९९ ला जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचं विमान रात्री धूसर हवेत समुद्रावर कोसळलं. त्यांनाही इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं, आणि तपासात दिशाभ्रम हेच कारण पुढे आलं. खाली काळं पाणी, वर काळं आकाश, मध्ये रेघच नाही.

जुना इन्स्ट्रक्टर :

सरावाबद्दल सांगायचं राहिलं. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना डोळे मिटा आणि विमान सरळ ठेवायचा प्रयत्न करा. थोड्या वेळाने डोळे उघडून इंडिकेटर पाहा. अंग किती खोटं बोलतं हे एकदा स्वतः पाहिलं की सांगावं लागत नाही. मग हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) घालून तेच १८० अंशांचं वळण, दोन्ही बाजूंना, उंची १०० फुटांच्या आत राखून. त्यानंतर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर झाकून, फक्त टर्न कोऑर्डिनेटर (वळण्याचा वेग दाखवणारं उपकरण), वेग आणि उंची यांवर. सिम्युलेटरने नजरेची शिस्त येते, पण कान तिथे फसत नाहीत, त्यामुळे त्यावरच थांबू नका. आणि हे लायसन्सपुरतं करून सोडू नका. सवय काही महिन्यांत जाते.

दूरदिशा :

पुढच्या उड्डाणासाठी इन्स्ट्रक्टरची वेळ घेतली आहे, डोळे मिटण्यापासून सुरुवात करतो. टॉवरवाली, हूडखाली असताना एटीसीकडून वळणांचा सराव मागितला तर चालतं का? उगाच तुमचा वेळ घ्यायला संकोच वाटतो.

टॉवरवाली :

मागा. सराव आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडा. कामात असलो तर नाही म्हणू, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा विचारा.